डोकं त्रिकोणी, म्हणून विषारी?

दिवाळी तोंडावर आली की सोलापूर जिल्ह्यात कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि पाठोपाठ सर्पमित्रांचे फोन वाजू लागतात. पंढरपूर, माळशिरस, माढा, करमाळा, मोहोळ या पट्ट्यात कोयता उसात शिरतो. वर्षभर पाचटाखाली निवांत राहिलेले उंदीर उघड्यावर पडतात आणि त्यांच्या मागावर असलेले सापही. फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं : ‘अजगराचं पिल्लू निघालंय, घेऊन जा.’ ऐकणारा मुरलेला असेल तर पत्ता विचारायच्या आधी एकच गोष्ट सांगतो, ‘त्याला हात लावू नका.’ कारण सोलापूरच्या उसात अंगावर ठिपके असलेलं, जाडजूड, सुस्त पडलेलं असं काही दिसलं तर ती घोणस असण्याचीच शक्यता जास्त.

याच्या उलट प्रकारही तितकाच नेहमीचा. बांधाच्या दगडाखाली डुरक्या घोणस निघते, पत्र्याच्या शेडमध्ये मांजऱ्या साप दिसतो, कालव्याच्या कडेला क्वचित खरोखरीचं अजगराचं पिल्लू सापडतं. तिघांपैकी एकाच्याही विषाने माणूस दगावत नाही. तरीही ते काठीखाली ठेचले जातात, कारण जमलेल्यांत कुणीतरी एक जाणकार असतो आणि तो म्हणतो, ‘डोकं बघा की, त्रिकोणी आहे. विषारीच.’

त्रिकोणी डोक्याचा हा नियम शाळेत, पारावर, मोबाइलवर सगळीकडे ऐकायला मिळतो. एवढा सोपा आणि एवढा घातक नियम ग्रामीण महाराष्ट्रात दुसरा नसेल. सापाच्या डोक्याचा आकार तो राहतो कुठे, खातो काय आणि भक्ष्य धरतो कसं हे सांगतो. विषाबद्दल तो भरवशाचं काहीच सांगत नाही. हे समजून घ्यायचं तर सुरुवात अजगरापासूनच केलेली बरी, कारण अजगरांच्या कुळात एकही विषारी साप नाही आणि डोक्यांचे नमुने मात्र हवे तेवढे आहेत.

आपला अजगर, इतरांचे अजगर

अजगर हा सोलापूरच्या माळाचा मूळ रहिवासी म्हणता येणार नाही. त्याला पाणी लागतं, दाट आडोसा लागतो आणि ससा, रानडुकराचं पिल्लू, मोठी घूस असं भरपेट भक्ष्य लागतं. सह्याद्रीची झाडी, कोकण, विदर्भातली जंगलं हे त्याचं खरं घर. सोलापूरचा पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर. नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं ते याच उघड्याबोडक्या, कुसळी गवताच्या माळरानामुळे. पुढच्याच वर्षी, १९८० साली, उजनीचं धरण पूर्ण झालं आणि भीमेच्या दोन्ही अंगांना चित्र पालटलं. ज्वारीच्या रानात ऊस आला, कालवे आले, चाऱ्यांच्या कडेला बारमाही हिरवळ आली. या जिल्ह्यात अजगर दिसलाच तर तो अशा पाण्याच्या कडेने दिसणार.

मग सोलापूरकराच्या डोळ्यांपुढे अजगराचं चित्र येतं कुठून? बरंचसं मोबाइलमधून. त्या पडद्यावर तो जे अजगर पाहतो त्यांतले पुष्कळसे आपल्याकडचे नसतातच. कुणी ब्रह्मदेशचा, कुणी इंडोनेशियाचा, कुणी आफ्रिकेतला. आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया मिळून अजगरांच्या चाळीसच्या आसपास जाती आहेत आणि डोक्यावरूनच त्यांतल्या बऱ्याच वेगळ्या काढता येतात.

आपल्या अजगराचं डोकं लांबट, चपटं आणि मानेपासून स्पष्ट वेगळं दिसणारं असतं. नाकपुड्या वरच्या अंगाला असतात. नाकपुडीपासून निघालेली गडद रेघ डोळ्यातून मागे जाते. टाळूवर बाणाच्या टोकाची तपकिरी खूण असते, पण थुंथनाकडे येता येता ती पुसट होत जाते आणि तिथे गुलाबीसर झाक दिसते. थुंथनाच्या टोकावरच्या खवल्यावर दोन खळगे आणि वरच्या ओठाच्या पहिल्या दोन-दोन खवल्यांवर एकेक खोल खळगा असतो. उंदराच्या किंवा पक्ष्याच्या अंगाची ऊब या खळग्यांना अंधारातही कळते. रात्री शिकार करणाऱ्या या प्राण्याचं डोळ्यांइतकंच ओठांवर भागतं.

लिनियसने १७५८ साली या सापाला शास्त्रीय नाव दिलं. ब्रह्मदेशी अजगराचं वर्णन १८२० साली झालं, तरी पुढे बराच काळ त्याला आपल्या अजगराचीच उपजात मानत. २००९ साली त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला. आपल्या देशात तो ईशान्येकडे आहे. दोघांमधला फरक पाहायचा तर डोकंच पाहावं लागतं. ब्रह्मदेशी अजगराच्या टाळूवरचा बाण थुंथनापर्यंत पुरा आणि गडद असतो. आपल्या अजगराच्या वरच्या ओठाचा एक खवला थेट डोळ्याला भिडतो, ब्रह्मदेशी अजगरात मात्र ओठ आणि डोळा यांच्यामध्ये लहान खवल्यांची एक ओळ असते. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून सुटलेला आणि तिथल्या वन्यजीवांचा फडशा पाडणारा तो हाच ब्रह्मदेशी.

भारतातला तिसरा अजगर निकोबार बेटांवर आहे, जाळीदार अजगर. लांबीत जगातला कोणताही साप त्याची बरोबरी करत नाही, सहा मीटरच्या पुढे गेलेले नमुने नोंदले गेले आहेत. त्याच्या डोक्यावर बाण नसतो. पिवळसर, कोरं डोकं आणि मधोमध थुंथनापासून मानेपर्यंत गेलेली एकच बारीक काळी रेघ. डोळे नारिंगी. आपल्या अजगरापेक्षा डोकं अरुंद आणि लांब.

भारताबाहेर पडलं की प्रकार आणखी वाढतात. सुमात्रा-मलायाच्या दलदलीत दबा धरून पडणाऱ्या आखूड, जाड अजगराचं डोकं रुंद आणि बसकं असतं. न्यू गिनीच्या जंगलात फांदीवर वेटोळं घालून राहणाऱ्या हिरव्या अजगराचं डोकं मागे फुगीर, मान बारीक आणि टाळूवर मोठ्या पट्ट्यांऐवजी बारीक खवले. ऑस्ट्रेलियातल्या काळ्या डोक्याच्या अजगराची तऱ्हा याहून न्यारी. त्याचं डोकं मानेपेक्षा जेमतेम रुंद असतं आणि ओठांवर ते खळगेच नसतात. तो प्रामुख्याने सरडे आणि इतर साप खातो. भक्ष्यच थंड रक्ताचं, तिथे ऊब शोधायचं इंद्रिय काय कामाचं? जमिनीत तोंड खुपसणाऱ्याला निमुळतं डोकं सोयीचं, म्हणून ते तसं.

ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले डेमियन एस्केर्रे आणि स्कॉट किओ यांनी २०१६ साली अजगर आणि बोआ या दोन वेगळ्या कुळांतल्या सापांच्या डोक्यांची आणि शरीरांची मापं शेजारी ठेवून पाहिली. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झालेली ही कुळं. एक अंडी घालणारं, दुसऱ्यातले बहुतेक पिल्लं देणारे. तरी झाडावरचा अजगर झाडावरच्या बोआसारखा आणि जमिनीखालचा जमिनीखालच्यासारखा घडलेला दिसला. दक्षिण अमेरिकेतला पाचूच्या रंगाचा बोआ आणि न्यू गिनीचा हिरवा अजगर यांच्यात तर नवख्या माणसाची हमखास फसगत होते. वंशापेक्षा वस्तीनेच डोक्याला जास्त आकार दिला.

एकच त्रिकोण, कारणं दोन

मग अजगराचं डोकं आणि घोणशीचं डोकं दोन्ही त्रिकोणी का? आकार सारखा दिसतो, पण आतला ऐवज वेगळा आहे.

सापाच्या खालच्या जबड्याच्या दोन फांद्या हनुवटीशी आपल्यासारख्या सांधलेल्या नसतात. लवचीक ऊतींनी त्या जोडलेल्या असतात आणि एकमेकींपासून फाकतात. मागे, कवटी आणि खालचा जबडा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक सुटं हाड असतं, तेही बाहेरच्या अंगाला झुलतं. मोठं भक्ष्य गिळणाऱ्या अजगरात ही सगळी यंत्रणा मोठी आणि तिला ओढणारे स्नायूही भरभक्कम. त्यामुळे डोकं मागच्या बाजूला रुंद होतं. तोंडात मागे वळलेले अणकुचीदार दात असतात, पण विषदंत नाही आणि विषाची पिशवीही नाही. तो भक्ष्य दातांनी धरतो आणि वेटोळ्यांनी आवळतो.

घोणशीचं डोकं मागे रुंद होतं ते मुख्यतः डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना असलेल्या विषग्रंथी आणि त्या पिळणाऱ्या स्नायूंमुळे. पुढे दोन लांब विषदंत, तोंड मिटलं की आत दुमडून ठेवलेले. म्हणजे एकाकडे गिळण्याची तजवीज, दुसरीकडे डसण्याची. बाहेरून दिसतो तो त्रिकोणच.

आता नियमाची दुसरी बाजू. सोलापूर जिल्ह्यात ज्यांच्या दंशाने माणूस दगावू शकतो ते प्रमुख साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यांतल्या दोघांचं डोकं त्रिकोणी नाही. नागाचं डोकं लांबट गोलसर, फणा मिटलेला असेल तर धामणीशी गल्लत व्हावी असं. मण्यारीचं डोकं तर मानेएवढंच. रात्री घरात शिरणारी, अंथरुणात झोपलेल्याला चावणारी, चावल्याची धड वेदनाही न होऊ देणारी ही मण्यार त्रिकोणाच्या परीक्षेत साफ ‘बिनविषारी’ ठरते.

आणि बिनविषारी दिवड मात्र डिवचली की डोकं चपटं करून त्याचा झकास त्रिकोण करते. मांजऱ्याचं डोकं मुळातच रुंद आणि मान बारीक. त्याचं विष पाली-सरड्यांपुरतं, माणसाला घातक नाही, पण फुरसं समजून तो वर्षानुवर्षं मरत आला आहे. थोडक्यात, चार घातक सापांपैकी निम्मे ज्या परीक्षेतून सुटतात आणि निरुपद्रवी साप जिच्यात अडकतात, ती परीक्षा काय कामाची?

माळावरची डोकी

सोलापूरच्या रानात अजगराचे लांबचे सोयरे मात्र भरपूर आहेत. मांडूळ आणि डुरक्या घोणस हे दोघेही वाळू-मुरमात, मऊ मातीत राहणारे बोआ. मांडुळाचं थुंथन पुढे निमुळतं, त्याच्या टोकाचा खवला मोठा आणि माती उकरायला धारदार. डोळे बारीक. मान अशी नाहीच, डोकं आणि धड एकाच जाडीचं. शेपूटही तितकीच बोथट. संकट आलं की मांडूळ डोकं वेटोळ्याखाली लपवतो आणि शेपूट पुढे करतो, शत्रूचा घाव शेपटीवर जावा म्हणून.

या एका बचावाच्या युक्तीने बिचाऱ्याचा घात केला. ‘दोन तोंडांचा साप’ अशी त्याची ख्याती झाली आणि तिच्याभोवती गुप्तधन, पैशांचा पाऊस, औषध असल्या भाकडकथांचा बाजार उभा राहिला. मांडूळ विकायला निघालेल्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या वाचकाला नव्या नाहीत. वजनावर भाव सांगितला जातो, लाखांचे आणि कोटींचे आकडे बोलले जातात, आणि शेवटी हाती लागतात त्या बेड्या. मांडूळ उंदीर खातो, माणसाला चावत नाही म्हटलं तरी चालेल. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याची किंमत एवढीच आणि ती थोडी नाही.

डुरक्या घोणशीचं दुर्दैव नावापासून सुरू होतं. ही घोणस नव्हे. आखूड, जाड, अंगावर वेडेवाकडे तपकिरी डाग, शेपूट एकदम आखूड आणि टोकदार, शेपटीकडचे खवले खरखरीत. डाग पाहून लोक तिला घोणस किंवा अजगर समजतात. घोणस समजले तर मारतात आणि अजगर समजले तर गळ्यात घालून फोटो काढतात. खरी भीती आहे ती तिसऱ्या शक्यतेची : डुरक्या हाताळण्याची सवय झालेला तरुण एखाद्या दिवशी त्याच विश्वासाने खऱ्या घोणशीला हात घालतो.

खरी घोणस ओळखायची कशी? पाठीवर तपकिरी, लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा, ठिपक्यांना काळी आणि बाहेरून पांढरट कड. मांडणी आखीव, साखळी घडवल्यासारखी. अजगराचे डाग मोठे, वेडेवाकडे, एकमेकांत मिसळणारे. घोणशीची कातडी रखरखीत, कारण प्रत्येक खवल्यावर मधोमध कंगोरा असतो. अजगराची गुळगुळीत आणि उन्हात चमकणारी. घोणशीच्या टाळूवर फिकट रेघांनी केलेला टोकदार कोन असतो, टोक थुंथनाकडे. नाकपुडी डोळ्यात भरण्याएवढी मोठी. आणि डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फूत्कार फडाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. दोघांच्याही डोळ्यांतली बाहुली उभी असते, तेव्हा ‘उभी बाहुली म्हणजे विषारी’ हा मोबाइलवरचा दुसरा मंत्रही विसरून जावा.

अडीचशे वर्षांचा जुना प्रश्न

विषारी साप पटकन ओळखायची खूण कोणती, हा प्रश्न आजचा नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला स्कॉटिश डॉक्टर पॅट्रिक रसेल अठराव्या शतकाच्या अखेरीस विशाखापट्टणम भागात याच प्रश्नाच्या मागे लागला होता. सामान्य माणसाला ओळखता यावेत म्हणून त्याने कोरोमंडल किनाऱ्यावरचे साप गोळा केले, त्यांची चित्रं काढवून घेतली आणि १७९६ साली त्यांवर मोठा ग्रंथ छापला. घोणशीला इंग्रजीत आणि शास्त्रीय नावात आजही त्याचं नाव आहे. पुढे फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टराने विषारी साप ओळखण्यावर पुस्तक लिहिलं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ते छापलं आणि १९२८ पर्यंत त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या. वॉलने भर दिला तो खवल्यांवर. खवले मोजता येतात, त्यांची मांडणी तपासता येते आणि त्यात ‘मला तसं वाटलं’ याला वाव नसतो.

पण खवले पाहायचे तर साप हातात हवा, म्हणजे मेलेला हवा. जिवंत सापाच्या तोंडाशी जाऊन ओठांचे खवले मोजायला कुणी बसणार नाही, बसूही नये. शेतकऱ्यासाठी यावर एक बिनधोक वाट आहे, ती म्हणजे कात.

दगडी बांधात, विहिरीच्या कपारीत, कडब्याच्या गंजीखाली कात सापडते. साप ओठांपासून ती सोडवायला लागतो आणि पायमोजा उलटा निघावा तशी ती मागे उलटत जाते. म्हणून सापडलेली कात बहुधा आतली बाजू बाहेर अशी असते. कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून पांढऱ्या कागदावर पसरली की डोक्याचा भाग हळूच सपाट करता येतो. डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक चकत्या दिसतात, कारण सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर खवलाच असतो आणि तोही कातेबरोबर उतरतो. आता टाळू पाहायची. मोठ्या, ठळक, जोडीजोडीने बसलेल्या पट्ट्या असतील तर नाग, मण्यार, धामण, दिवड यांपैकी कुणीतरी. त्यातही पाठीच्या कण्यावरची खवल्यांची ओळ मोठी आणि षटकोनी असेल तर मण्यारीचा संशय घ्यावा. टाळूवर सगळेच खवले बारीक आणि प्रत्येकावर कंगोरा असेल तर घोणस किंवा फुरसं. पुढे मोठ्या पट्ट्या, मागे बारीक खवले, ओठांवर खळग्यांच्या खुणा आणि पाठीचे खवले गुळगुळीत, अशी कात सापडली तर तुमच्या रानातून खरोखर अजगर जाऊन आला आहे.

ही ओळख उपयोगाची आहे. रानात कोण राहतं हे कळलं की कडबा कुठून उपसायचा, पाणी धरायला रात्री कोणत्या वाटेने जायचं आणि वस्तीवर जमिनीवर झोपायचं की खाटेवर, हे ठरवता येतं. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणाऱ्या माणसाला बॅटरी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट या ज्ञानातूनच सुचायला हवेत.

डॉक्टरला साप नको असतो

चावल्यानंतर मात्र ओळख पटवत बसायला वेळ नसतो आणि तशी गरजही नसते. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकत्रच चालते. मुंबईच्या हाफकिनसह काही संस्थांत घोड्यांच्या रक्तातून ती तयार होते. रुग्णाची लक्षणं पाहून डॉक्टर निर्णय घेतात. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन ते वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर घोणस-फुरशाच्या जातीचं विष रक्तात भिनलं आहे असं समजायचं. पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, बोलणं जड झालं तर नाग किंवा मण्यार. सापाचं डोकं या निदानात कुठेच नाही. तरीही सापाला मारून पिशवीत घालून दवाखान्यात आणण्याची धडपड चालते. त्यात मोलाचा वेळ जातो आणि कधी दुसरा माणूसही डसला जातो. मेलेल्या घोणशीचं तोंडही काही वेळ चावू शकतं.

हा प्रश्न किरकोळ नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. मरणारे बहुतेक खेड्यातले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशावर राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस प्रत्येक सर्पदंशाची नोंद बंधनकारक करायला राज्यांना सांगितलं. महाराष्ट्रात सर्पदंशाने शेतकरी दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. ते घेण्याची वेळच येऊ नये, हे महत्त्वाचं.

म्हणून यंदा फड सुरू होण्याआधी एवढं करा. ऊसतोड टोळीतल्या प्रत्येकाला, पोराबाळांसकट, सांगा की सापाच्या डोक्यावरून विष ठरवायचं नाही आणि ठिपक्यांचा जाड साप दिसला की तो अजगर समजून उचलायचा नाही. साप दिसला तर लांबूनच फोटो काढा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. चावला तर १०८ ला फोन करा. जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका आणि मांत्रिकाच्या दारावरून न थांबता लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. साप कोणता होता याची चर्चा रुग्ण वाचल्यावर करता येईल.